आठ दिवसांची टोपली

सुरमईच्या पोटाशी कोयता टेकवून कीर्तीने गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि बोटभर जाडीचा पहिला काप काढला.

"एवढा?"

"थोडा पातळ कर ना," बाई म्हणाल्या.

"ताई, याहून पातळ केला तर तव्यावर उलटताना मोडेल. मग घरी बसून मलाच शिव्या घालाल."

बाई हसल्या, म्हणजे जाडी ठरली. कीर्तीचा हात चालू लागला. ऑगस्टात ती या जागेवर बसली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने पापलेटाबरोबर स्वतःचं बोटही कापून घेतलं होतं. आता बोलता बोलता, खाली न बघता, एकसारखे काप पडत. डोक्याच्या दोन फाका झाल्या, शेपूट बाजूला गेलं, पिशवीला गाठ बसली.

"हात बसला गो तुजा," शेजारच्या पाटावरून मालू मावशी म्हणाली. "तुज्या आईचा बसायला दोन वर्सं लागलीवती. तुला सात महिने पण नाय."

कौतुकच होतं ते, आणि मालू मावशी कौतुकाच्या बाबतीत सढळ म्हणून ओळखली जात नसे. पण हल्ली ते ऐकलं की कीर्तीला पाठीमागे खिळ्याला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीकडे पाहावंसं वाटे. म्हणून ती मुद्दाम पाहत नसे.

पनवेलच्या मासळी बाजारात प्रत्येक ओट्याला नंबर आहे आणि तो कुठल्याशा कागदावर कुणाच्या तरी नावावर आहे. पण बायकांचा आपसातला कायदा त्याहून जुना. एखादी आली नाही, आजारी पडली, बाळंत झाली, तर तिच्या जागेवर तिची टोपली पालथी घालायची आणि वर ओलं गोणपाट टाकायचं. आठ दिवस त्या टोपलीला कुणी हात लावत नाही. नवव्या दिवशी मात्र घरचं माणूस येऊन बसलं पाहिजे. सून, जाऊ, लेक, कुणीही चालेल. एक बोंबीलसुद्धा विकला नाही तरी चालेल, पण बसलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर शेजारणीचा पाट हातभर सरकतो. कुणाच्या मनात वाईट असतं असं नाही. भरतीचं पाणी जसं मोकळं दिसेल तिथे शिरतं तसंच ते.

ऑगस्टात, मासेमारीची बंदी उठून आठवडा झाला असेल नसेल, कीर्तीची आई शांती करंजाच्या धक्क्यावर माल घ्यायला गेली असताना शेवाळावरून घसरली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत पट्टी बसवावी लागली. डॉक्टर म्हणाले, फेब्रुवारीपर्यंत वजन नाही आणि कोयत्याचं नावही नाही. वडील काशिराम न्हावा-शेव्याला कंटेनरच्या यार्डात पाळीवर. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. टोपलीचे सात दिवस मोजून झाले आणि आठव्या दिवशी कीर्तीने कॉलेजात अर्ज दिला. तिसऱ्या वर्षाला, इतिहास विषय, एका वर्षाचा खंड.

"हे शिक्षण सोडणं नव्हे," विभागातल्या टिपणीस मॅडमनी तेव्हा तिला दोनदा सांगितलं होतं. "मार्चमध्ये परतीचा अर्ज भरायचा, जूनमध्ये यायचं. जागा तुझीच आहे."

त्या संध्याकाळी गळ्यात हात अडकवून बसलेल्या शांतीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"आणि तुज्या जागेवर काय ठेवलंस?"

"कुठल्या?"

"वर्गातल्या."

कीर्तीला हसू आलं. "अर्ज ठेवलाय, आई."

"तो किती दिस चालतो?"

"वर्षभर."

कागद वर्षभर जागा राखतो ही गोष्ट शांतीला पटलेली नव्हती, एवढं तिच्या तोंडावर दिसत होतं.

खिळ्यावरच्या पिशवीत आधी अभ्यास होता. झेरॉक्स काढलेल्या नोट्स, दोन पुस्तकं, एक वही. गिऱ्हाईक नसेल तेव्हा रोज चार पानं, असा कीर्तीचा बेत होता आणि गणपतीपर्यंत तो तिने पाळलाही. मग पानांना खवले चिकटू लागले. दसऱ्याच्या सुमारास एकदा घाईत नोट्सचं एक पान बोंबलांच्या खाली गेलं आणि गिऱ्हाइकाबरोबर घरी गेलं. सगळा बाजार हसला, कीर्तीही हसली. खरं तर हसू आलं तेव्हाच तिने घाबरायला हवं होतं. पुढे पुस्तकं घरच्या फळीवर गेली. आता पिशवीत एकच कागद होता, परतीचा अर्ज. त्याचे बारा रकाने होते, त्यांतले अकरा भरलेले होते आणि त्याला चार आठवडे होऊन गेले होते.

अडलं होतं नवव्या रकान्यापाशी. 'खंडकाळात अभ्यासाशी संबंध राखला आहे काय? असल्यास, कशा प्रकारे?'

'नाही' लिहायला दोन अक्षरं लागतात. ती लिहून कुणी तिला फासावर देणार नव्हतं. पण एकदा ती लिहिली, की मग बाकीच्या अकरा रकान्यांना काय अर्थ उरतो, हे तिला कळत नव्हतं. आणि दुसरंही एक होतं. तिच्याबरोबरच्या सगळ्याजणी जूनमध्ये पास होऊन निघून जाणार. आपण धाकट्यांच्यात जाऊन बसायचं, आणि त्यांनी मागे वळून विचारायचं, तुम्ही कोण? इथे बाजारात कुणी तसं विचारत नव्हतं. इथे अर्धं पनवेल तिला नावाने हाक मारत होतं.

शेवटची तारीख पुढचा सोमवार होती.

सोमवार म्हणजे बाजाराचा रिकामा दिवस. निम्मं गाव सोमवारी मासळी खात नाही. मोहल्ल्यातली गिऱ्हाइकं तेवढी येतात. त्याच दिवशी शांती हात शेकायला दवाखान्यात जाई. संक्रांतीपासून हे चाललं होतं. मुठीत दाबायचा एक रबरी चेंडू तिला दिलेला होता. सकाळी दहाला घर सोडायची ती दुपारी दीडला यायची. एवढा वेळ काय शेकतात, असं कीर्तीने एकदा विचारलंही होतं.

"रांग आसते," शांती म्हणाली होती. "तवर बसायचं. बरं आसतं तिथं, पंखा हाय."

तिथे टीव्हीही असावा, कारण सोमवारी जेवताना शांतीकडे एक मालिका असायची. परदेशातली, राजाराणीची. मराठीत बोलतात म्हणे. कीर्तीने दुसऱ्याच सोमवारी ओळखलं.

"आई, हे फ्रान्सचं चाललंय. क्रांती. आम्हाला आहे हे तिसऱ्या वर्षाला."

"आसंल. ती राणी लय उधळी. आनी परकी."

"ऑस्ट्रियाची होती."

"तेच. तिला काय कळनार हितल्या पोरांच्या पोटाचं."

एकदा शांती पानावर बसण्याआधीच सांगू लागली. "आज काय झालं ठाव हाय? बाजारच्या बायका निघाल्या. पाव मिळंना म्हनून. पावसात, चिखलात, चालत गेल्या राजाच्या वाड्यावर. मासळीवाल्या होत्या त्यांच्यात. पुढं, सगल्यात."

"मालिकावाले काहीपण दाखवतात."

"काहीपन कसं? कोयते होते म्हने हातात."

कीर्तीने फळीवरचं पुस्तक काढलं ते आईला खोटं पाडायला. बायका खरंच गेल्या होत्या. मासळीवाल्याही होत्या. भात निवेपर्यंत ती पुढची तीन पानं वाचून उठली. त्यानंतर सोमवारी संध्याकाळी तेवढं ते पुस्तक खाली येई. पण टीव्हीवरच्या मालिकेशी भांडायला पुस्तक उघडणं याला काही अभ्यास म्हणत नाहीत.

बुधवारी दुपारी बाजार ओसरत असताना अल्फिया आली. पहिल्या वर्षापासून कीर्तीच्या पुढच्याच बाकावर बसणारी. पाठीला सॅक, हातात अम्मीने दिलेली कापडी पिशवी.

"बोंबील दे ना ग. ताजे आहेत ना? अम्मी म्हणाली, कीर्तीकडचे नसतील तर आणू नको."

"अम्मीला म्हणावं, कीर्तीकडचे शिळे असते तर कीर्तीनेच सांगितलं असतं." कीर्ती बोंबलांची डोकी उडवू लागली. "परीक्षा कधी?"

"एप्रिलमध्ये. नको विचारूस." अल्फियाने ओट्याच्या कडेला हात टेकला. "आणि परवा खाला का नाही आल्या? तबियत ठीक आहे ना?"

"कोण खाला?"

"तुझी आई."

"परवा आपट्याला गेलेली. मामेबहिणीकडे बारसं होतं. का?"

"नाही, दर सोमवारी असतात ना, तर मॅडमनीसुद्धा विचारलं. राजा पळायचा होता परवा. त्यांच्यासाठी मॅडमनी ते ठेवलं पुढच्या सोमवारी, म्हणाल्या आधी दुसरं घेऊ."

कोयता अर्ध्यात थांबला.

"दर सोमवारी कुठे असते?"

"वर्गात." अल्फियाने तिच्याकडे पाहिलं आणि हात तोंडावर नेला. "या अल्ला. तुला माहीत नाही?"

मालू मावशी मांदेली निवडता निवडता थांबली होती.

अल्फियाने सांगितलं ते असं. ऑगस्टातच शांतीचा तिला फोन आला होता. कीर्तीच्या जागेवर तुझी पिशवी ठेव, माझा हात मोकळा होईपर्यंत. अल्फियाला वाटलं, कीर्तीनेच सांगितलं असेल. तिने रोज सॅक ठेवली. संक्रांतीनंतरच्या सोमवारी शांती स्वतः आली, मागच्या बाकावर खिडकीपाशी, कीर्तीच्याच जागेवर बसली. मॅडमनी हजेरी घेतली तेव्हा सगळ्यांचं झाल्यावर उभी राहिली आणि म्हणाली, कीर्ती काशिराम कोळीच्या घरचं माणूस हाय.

"पोरं हसली असतील."

"हसली की. पहिल्या दिवशी." अल्फिया पिशवी घेत म्हणाली. "आता ती जागा सोडून बसतात."

ती गेल्यावर मालू मावशीने पाण्याचा तांब्या उचलला. मग मांदेलीवर पाणी मारत म्हणाली,

"बराबर हाय तिचं. कागदावर कोन इश्वास ठेवतंय."

त्या संध्याकाळी कीर्तीने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. शांती चेंडू दाबत बसली होती. दाबताना ओठही आवळायची. जानेवारीत चेंडू नुसता तळहातावर असायचा, आता बोटांत चपटा होत होता. शेवटी कीर्ती म्हणाली,

"राजाराणीचं पुढे काय झालं, आई?"

"सोमवार चुकला ना माजा." शांतीने चेंडू या हातातून त्या हातात घेतला. "पुढल्या सोमवारी कळंल."

सोमवारी शांती दहाला निघाली. बाटली-हिरवी नऊवारी, तोंडाला पावडर, अंबाड्यात अबोलीचा गजरा. हात शेकायला कुणी असं जात नाही, हे नऊ सोमवार आपल्या नजरेतून कसं सुटलं, याचं कीर्तीला नवल वाटलं. पण नऊ सोमवार ती या वेळेला ओट्यावर असायची; आज काहीतरी विसरल्याचं निमित्त करून घरी आली होती.

साडेदहाला ओट्यावर परतून तिने लिंबू चोळून हात धुतले आणि खिळ्यावरची पिशवी काढली.

"मावशी, तासाभरात आले. जरा बघ."

"बगते. पन टोपली पालथी घाल जाताना."

"तासाभराला?"

"घाल गो."

तिने टोपली पालथी घातली, गोणपाट भिजवून वर टाकलं आणि रिक्षा केली.

सात महिन्यांत कॉलेज काही बदललेलं नव्हतं, फाटकाचा रंग तेवढा नवा होता. वर्गाचा मागचा दरवाजा नेहमीसारखा अर्धा उघडा होता. कीर्ती भिंतीला लागून उभी राहिली.

मागचा बाक, खिडकीची कड. तिथे शांती बसली होती, बाजारात बसते तशी. पाठ टेकलेली नाही, पदर खांद्यावरून ओढून खोचलेला, नजर समोर. फळ्यावर नव्हे, गिऱ्हाईक कुठून येईल ते बघत असावी तशी सगळ्या वर्गावर. बाकावर वही नव्हती, पेन नव्हतं. चेंडू मांडीवर होता आणि हात त्याला दाबत होता. दाबायचा, सोडायचा. शेजारची अर्धी जागा रिकामी होती.

"राजाने नोकराचा वेश केला होता," टिपणीस मॅडम सांगत होत्या. "गाडीत राणी, मुलं, सगळं कुटुंब. सरहद्द जवळ आली होती. आणि एका गावात पोस्टाच्या एका माणसाने त्याला ओळखलं. असं सांगतात की नोटेवर राजाचं चित्र होतं, त्यावरून."

"अगो बाय!" शांती म्हणाली.

वर्ग हसला. पण ते हसणं कीर्तीने मनात धरलं होतं तसलं नव्हतं. घरातलं कुणी बोललं की हसावं तसं होतं. मॅडमही हसल्या आणि पुढे सांगू लागल्या. पुढच्या बाकावरच्या अल्फियाने मान वळवली, तिला कीर्ती दिसली. कीर्तीने ओठांवर बोट ठेवलं.

ती तिथेच उभी राहिली. राजाला परत आणलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती आणि कुणीही टोपी काढली नाही. एवढं ऐकेपर्यंत आपण भांडायला आलो आहोत हे तिच्या लक्षातून गेलं होतं.

तास संपला. बाहेर पडणाऱ्या पोरांमधून शांती दारात आली आणि लेकीला पाहून थबकली. चेंडू तिने पाठीमागे नेला. लहान मूल नेईल तसा.

"ओट्यावर कोन हाय?"

"टोपली आहे."

मागून टिपणीस मॅडम आल्या. कीर्तीला पाहून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मी पहिल्या दिवशी यांना सांगितलं होतं, बाई, असं बसता येत नाही. त्या म्हणाल्या, जागा रिकामी हाय ना?" मॅडमनी चष्मा काढून पुसला. "होती. मग मी काय बोलणार? अर्ज दिलास का ग? आज शेवटचा दिवस."

"देते आहे," कीर्ती म्हणाली.

मैदानाच्या कडेच्या कट्ट्यावर मायलेकी बसल्या. शांतीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उजव्या हाताने फिरवलं आणि ते फिरलं. तिने ते कीर्तीला दिसेल असं फिरवलं होतं.

"आई, कॉलेजात असं नसतं. इथे रोज तीस जागा रिकाम्या असतात. कुणी कुणाची घेत नाही. जागा कागदावर असते. अर्ज भरला की झालं."

"मंग भरलास?"

मैदानात कुणीतरी चेंडू टोलवला, तो कुंपणापलीकडे गेला, दोन मुलं त्याच्यामागे गेली.

"एक रकाना राहिलाय."

"किती दिस?"

"महिना."

शांतीने बाटलीचं झाकण परत लावलं. हळू लावलं, आटे बरोबर बसवून.

"मालू मावशी म्हणते माझा हात बसलाय," कीर्ती म्हणाली. "खरंच बसलाय, आई. लोक माझं नाव घेऊन येतात. इथे काय आहे? सगळ्या निघून जाणार. मी एकटीच जुनी."

"हात बसला म्हनून जागा तुजी होत नाय," शांती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ती माजी हाय. मी अजून मेले नाय."

आणि तिने उजव्या हाताने कीर्तीचं मनगट धरलं. कीर्तीला ते सोडवता आलं असतं, पण थोडा जोर लावूनच. ऑगस्टात या हातातून पेला सुटत होता. आता बोटांचे ठसे उठले.

"दुखतंय."

"दुखूं दे." तिने हात सोडला. "डाक्टर म्हनाला, एक तारखेपास्नं कोयता धरा. हलका माल. मी सांगनार होते. काय इचारलंय त्या रकान्यात?"

कीर्तीने कागद काढला. घडीवर चिकटलेला एक खवला तिने नखाने उडवला आणि वाचून दाखवलं. शांती चौथीपर्यंत शिकलेली. तिने कागद स्वतःकडे घेऊन बोट ठेवून पुन्हा वाचला.

"मंग लिव ना."

"काय लिहू? नाही?"

"नाय कशी?" शांतीला खरंच राग आला. "मी काय सांगत होते तुला दर सोमवारी? राजाचं, राणीचं, त्या तुरुंगाचं, बायका निघाल्या त्याचं? सगलं सांगितलं ना? एक सोमवार सोडला नाय. त्यो बारशाचा तेवढा. तू पुस्तक काडून मला खोटं पाडायचीस, ते काय होतं मंग?"

बायका पावसातून चालत गेल्या होत्या आणि भात निवला होता, ते कीर्तीला आठवलं. राजाचा खजिना कसा रिकामा झाला तेही आठवलं. त्या संध्याकाळी ती आणि आई उशिरा जेवल्या होत्या, आणि लोकांनी फोडलेल्या त्या तुरुंगात आत कैदी किती होते यावरून भांडल्या होत्या. शांतीने सात सांगितले. पुस्तकातही सातच होते.

तिने पिशवी मांडीवर आडवी घेतली, तिच्यावर कागद ठेवला आणि पेन शोधलं. पेन नव्हतं. सात महिन्यांत पेन लागलंच नव्हतं. शांतीने कनवटीतून एक काढून दिलं.

"अल्फियाने दिलंवतं. कधी कायतरी लिवावं लागंल म्हनून."

कार्यालयातले जीवन भाऊ कागद तपासताना एकेका रकान्यावर पेन्सिलीने टिचकी मारत. नवव्यावर पेन्सिल थांबली.

"'होय. दर सोमवारी घरचं माणूस वर्गात बसत असे व संध्याकाळी सांगत असे. त्यानंतर पुस्तकाशी पडताळून पाहिले.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "घरचं माणूस म्हणजे?"

कीर्तीने व्हरांड्याकडे पाहिलं. बाकड्यावर शांती बसली होती, पाठ न टेकता.

जीवन भाऊंनीही पाहिलं. "ह्या होय? दर सोमवारी माझ्याकडे येऊन विचारतात, यादीत नाव हाय ना पोरीचं." त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "पण हे असं कुणी लिहीत नाही. विभागाची सही लागेल."

टिपणीस मॅडमनी उभ्या उभ्याच नववा रकाना वाचला. मग समासात सही केली, तारीख टाकली आणि कागद परत देताना फक्त म्हणाल्या,

"सोमवारखेरीजच्या दिवसांचं तुला स्वतःला बघावं लागेल. बरंच आहे."

शिक्का बसला. पोचपावती घेऊन कीर्ती बाहेर आली. शांतीने ती हातात घेतली, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि परत दिली.

"झालं?"

"झालं."

"मंग आता मी नको यायला."

ती हे चेंडूकडे बघून म्हणाली होती. फाटकाशी आल्यावर शांतीने वळून वरच्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिलं, मग गजरा चाचपला. तो जागेवरच होता.

"राजाराणीला धरून आनलं, पुढं काय केलं त्यांचं, ते तू वाच आनी सांग मला," ती म्हणाली. "तुज्या पुस्तकात आसंल."

कीर्तीने रिक्षाला हात केला. पुढे काय झालं ते तिला माहीत होतं. नववीतल्या पोरालाही माहीत असतं. पोचपावतीची घडी घालून तिने ती पिशवीत ठेवली, आणि वर्गाच्या परीक्षेआधी आईला बसायला अजून किती सोमवार आहेत ते मनात मोजलं. तीन होते.

"अर्ज आठ दिवस चालतो, आई," ती म्हणाली. "मग माणूस लागतं."